डाव्या बाजूचे ओरखडे

सिराजुद्दीन मुकादम दाभोळचा. मी समोरच्या वेलदूरचा. मध्ये फक्त खाडी. होडीत बसलं की एक विडी संपायच्या आत पलीकडे. आणि आमची ओळख झाली कुठे? अल खफजीत! कुवेतच्या सीमेवर, वाळूत. नशिबाचे खेळ म्हणतात ते हेच, दुसरं काय.

लोक मला विचारतात, बाबाजी, तू आखाती युद्धातून परत आलास, त्याची गोष्ट सांग. मी सांगत नाही. उगाच छाती फुगवायला मी काय तोफ डागली होती? सांगायची तर सिराजभायची गोष्ट आहे, आणि ती सांगताना माझं तोंड काळं होतं. पण आता वय झालं. सांगून टाकतो.

अबू दहाम हा आमचा कफील. म्हणजे मालक, आणि नुसता मालक नव्हे. त्याच्या सहीशिवाय आम्ही देशाबाहेर काय, दुसऱ्या गावालाही जाऊ शकत नव्हतो. त्याचं गॅरेज होतं आणि पाण्याचे तीन टँकर. मी टँकर चालवायचो, सिराजभाय लेथवर आणि फिटिंगला. गॅरेजच्या मागे एक खोली, तिच्यात आम्ही दोघं. मी शिंचा जरा तिरसट, जेवणात मीठ कमी पडलं तरी आकांडतांडव करणारा. सिराजभाय शांत. पाच वर्षांनी मोठा होता माझ्यापेक्षा. मी ओरडलो की म्हणायचा, "ओरड मेल्या, ओरड. वेलदूरपर्यंत ऐकू जाऊ दे."

त्याचा बाप ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचा. आपल्याकडे रानडुकरं शेतात घुसतात म्हणून परवान्याच्या बंदुका असायच्या ना, त्या. नळीला गंज चढला, रंग उडाला की लोक त्याच्या बापाकडे न्यायचे. सिराजभाय लहानपणापासून ते काम बघत आला होता. ही गोष्ट त्यानं एकदा अबू दहामला चहा पिता पिता सांगितली. नसती सांगितली तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय.

नव्वदच्या ऑगस्टात सद्दामनं कुवेत घेतलं आणि पळून आलेली माणसं आमच्या डोळ्यांदेखत खफजीतून खाली गेली. गाड्यांच्या टपावर गाद्या, गाद्यांवर पोरं. मग आमच्याकडचीही माणसं एकेक करून निघाली. केरळवाले गेले, आमच्या समोरचा दर्जी गेला. आम्ही दोघं अबू दहामच्या दारात उभे. "पासपोर्ट द्या, आम्हाला जाऊ द्या." तो म्हणे, "बुकरा." उद्या. त्याचं उद्या डिसेंबर संपेपर्यंत उजाडलं नाही. लष्कराच्या गाड्या दुरुस्तीला येत होत्या, पाणी वाहायला टँकर हवे होते. आम्हाला सोडलं तर काम कोण करणार?

जानेवारी लागला. पंधरा तारखेपर्यंत इराकनं कुवेत सोडलं नाही तर लढाई, असं रेडिओ रोज ओरडत होता. आमच्या खोलीपासून सीमा दहा-बारा किलोमीटरवर. माझी पाचावर धारण बसली होती. सिराजभायचं वेगळंच. तो आला तेव्हा अख्तरीभाभी पोटुशी होती. मुलगी झाली, इफरा. तीन वर्षांची झाली तरी बापानं तिला बघितलं नव्हतं. तिचा एक फोटो होता त्याच्याकडे, झबल्यात रडणारा. तो रोज मला विचारायचा, "बाबाजी, मी घरी पोचेन ना रे? मला एकदा तिला उचलून घ्यायचंय, बस." मी म्हणायचो, "पोचशील रे बाबा, डोकं खाऊ नको." पण मनातून मीही हरलो होतो.

अशात एक दिवस, शुक्रवार होता, चार तारीख, अबू दहाम एका रुमालात काहीतरी गुंडाळून आमच्या खोलीत आला. रुमाल सोडला तर आत पिस्तूल. जुनं, बेल्जियमचं, त्याच्या बापाचं. काळा रंग उडून पांढरं पडलेलं, मागच्या बाजूला गंजाचे खड्डे, मुठीच्या लाकडाला चीर. त्याचा पोरगा दहाम फौजेत होता, सीमेवर. पुढच्या शुक्रवारी दोन तासांच्या सुट्टीवर येणार होता, आणि आजोबाचं पिस्तूल नव्यासारखं करून बापाला त्याच्या हातात द्यायचं होतं.

"हे कर," तो सिराजभायला म्हणाला. "शुक्रवारी दोघांचे पासपोर्ट देतो. बाहेर जायचा शिक्का मारून आणलेत, हे बघ. वल्ला, अल्लाची शपथ."

त्यानं खरंच खिशातून पासपोर्ट काढून आमचे शिक्के दाखवले आणि परत खिशात घातले. कुत्र्याला हाडूक दाखवावं तसं! मला असा संताप आला, पण बोलणार कोण? सिराजभायनं तोवर पिस्तूल उचलून उजेडाकडे धरलं होतं.

तेव्हापासून आमची खोली म्हणजे कारखाना झाली. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. परदेशी माणसाच्या खोलीत पिस्तूल सापडलं असतं तर पासपोर्ट राहिला बाजूला, मुंडी हातात आली असती. सिराजभायनं आधी आत गोळी नाही हे तीनदा बघितलं. मग एकेक भाग सुटा करून ओळीनं गोधडीवर मांडला आणि मला दम दिला, "एक स्प्रिंग जरी हरवली ना, तर तुला खाडीत बुडवीन."

मग त्यानं एक काम केलं, ते नीट ऐका. पिस्तुलावर नंबर होता, ठोकलेला. त्या नंबरावर त्यानं मेण लावलं, वर कापडाची पट्टी बांधली. आपल्याकडे बंदुकीचा नंबर म्हणजे बंदुकीचा जीव. परवान्यावर एक आणि नळीवर दुसरा, किंवा नळीवरचा घासून गेला, की मालक थेट पोलिसात. त्याच्या बापानं एकदा नंबर पुसट केला होता, तर वर्षभर कचेरीच्या खेपा घालत होता. म्हणून सिराजभाय म्हणाला, "बाबाजी, सगळं होऊ दे, नंबराला धक्का लागता कामा नये." मी म्हटलं, बरं.

आता काम काय? घासायचं, खड्डे जाईपर्यंत. आधी जाडा पॉलिशकागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग त्याच्या बापाची रीत: लोखंडाला मुद्दाम हलका गंज धरू द्यायचा, तो पाण्यात उकळायचा की काळा पडतो, मग तारेच्या लोकरीनं अलगद पुसायचं, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. सहा-सात वेळा केलं की गर्द निळा-काळा रंग बसतो. उकळायला भांडं कुठलं? माझा भाताचा टोप! मी बोंब मारली. तो म्हणाला, "भात दाभोळला खाऊ. अख्तरीच्या हातचा."

मंगळवारी लष्कराची गाडी आली म्हणून अबू दहामनं सिराजभायला दुपारीच गॅरेजात बोलावलं. घासायचं काम अर्धंच झालेलं. जाताना तो म्हणाला, "उजवी बाजू बारीक कागदानं घे. डाव्या बाजूला हात नको लावू, ती मी आल्यावर बघतो."

माझा टँकर बिघडून उभा होता. मी खोलीत एकटा. बाहेर हेलिकॉप्टरं घरघरत होती, रेडिओवर पंधरा तारीख, पंधरा तारीख. आणि काम तर कासवाच्या गतीनं चाललेलं! उजवी बाजू मी तासाभरात संपवली. डावी बघितली. तीन उभे ओरखडे आणि पुढे एक आकडी, मासे धरायच्या गळासारखी. खोल होते. मनात म्हटलं, हे घालवायला सिराजभायला एक अख्खा दिवस जाईल, दिवस आहेत कुठे? जाडा कागद घेतला आणि घासत सुटलो. बोटं सोलली माझी. नंबराची पट्टी तेवढी जिवापाड सांभाळली. संध्याकाळपर्यंत डावी बाजू आरशासारखी केली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं मला. उंटावरचा शहाणा!

सिराजभाय आला, दिव्याखाली धरून बघितलं.

"हे का काढलंस?"

"ओरखडे होते रे."

"हातानं काढल्यासारखे वाटत होते. मी अबू दहामला विचारणार होतो."

"म्हाताऱ्यानं कुठे तरी दगडावर आपटलं असेल. तू पण ना!"

पिस्तूल ठेवून त्यानं हात धुतले आणि नमाजाला उभा राहिला. मग दोन दिवस त्यानं जे काम केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. समुद्राच्या दमट हवेत गंज धरायचा, उकळायचा, पुसायचा. डोळे तांबडे, हातांना भेगा. गुरुवारी रंग बसला. पिस्तूल असं निळंकाळं दिसत होतं की मीसुद्धा क्षणभर लढाई विसरलो. मुठीची चीर त्यानं खजुराच्या लाकडाचा भुगा आणि सरस घालून अशी भरली होती की शोधून सापडेना.

शुक्रवारी जुम्म्यानंतर अबू दहाम आला. बरोबर दहाम, गणवेशात. तेवीस-चोवीसचा पोरगा, मिशी नुकती दाट झालेली. दोघांचे पासपोर्ट अबू दहामच्या हातात होते. माझं सगळं लक्ष त्या दोन निळ्या पुस्तकांकडे. दोन वाजता दम्मामची बस होती, आमच्या पिशव्या दाराशी भरून ठेवलेल्या.

त्यानं पिस्तूल घेतलं. "माशाल्ला!" म्हणाला. सिराजभायच्या खांद्यावर थाप मारली. उजवी बाजू पोराला दाखवली. मग पिस्तूल उलटं केलं.

त्याचा चेहरा बदलला. अंगठा डाव्या बाजूवरून फिरवला, पुन्हा फिरवला, जसं काही अंधारात चाचपतोय.

"वसम कुठाय?"

आम्हाला कळेना. तो खाली बसला आणि धुळीत बोटानं काढून दाखवलं: तीन उभ्या रेघा, पुढे गळासारखी आकडी. त्यांच्या टोळीची खूण. उंटांच्या मानेवर डागतात ती. त्याच्या बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं. ही खूण हीच त्याची सही. ती त्यानं स्वतःच्या हातानं पिस्तुलावर कोरली होती.

"नंबराचा बिल्ला काय, फौजेत सगळ्यांच्याच गळ्यात असतो," तो म्हणाला. "माझ्या पोराला वाळूत काही झालं, तर तो कुणाचा, हे यावरून कळणार होतं. नंबर तेवढा राखलात! नंबराचं मी काय करू?"

दहाम बापाचा हात धरून होता. मग अबू दहाम उभा राहिला आणि आम्हा दोघांकडे बघत म्हणाला, "कुणी पुसलं?"

खोटं सांगत नाही, मला बोलायचं होतं. पण समोर तो पासपोर्ट, दाराशी पिशवी, दोनची बस. मी मूग गिळून गप्प बसलो. सिराजभायनं माझ्याकडे बघितलं. पुरतं बघितलं. मग म्हणाला, "मी."

अबू दहामनं माझा पासपोर्ट माझ्या पायाशी टाकला. सिराजभायचा खिशात घातला. "तू जा. हा माझ्या बापाची खूण परत आणेपर्यंत इथून हलणार नाही. खलास." पिस्तूल खाटेवर ठेवून तो निघून गेला आणि पासपोर्ट कचेरीच्या तिजोरीत गेला.

मी वाकून पासपोर्ट उचलला. हो, उचलला! लाज वाटली, तरी हात थांबला नाही. सिराजभाय म्हणाला, "निघ. बस चुकेल." पिशवीतून त्यानं एक फ्रॉक काढून दिला, पिवळा, इफरासाठी. "मापात बसेल की नाही कोण जाणे," म्हणाला. मी म्हटलं, "सिराजभाय, मी त्याला जाऊन सांगतो." तो म्हणाला, "सांग." आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी बसकडे चालू लागलो.

तेरा तारखेला मी मुंबईत उतरलो, सोळाला वेलदूरला. सतराला लढाई सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी खफजीवर तोफा पडल्या. गाव रिकामं झालं असं रेडिओवर ऐकलं. बायको म्हणे, देवानं तुम्हाला वाचवलं, नारळ फोडू. मी तिच्यावर खेकसलो.

फ्रॉक द्यायला होडीनं दाभोळला गेलो तो दिवस तीस जानेवारी. अख्तरीभाभी रेडिओजवळ बसलेली. इराकी फौज खफजीत घुसली, ही बातमी नुकतीच लागली होती. इफरा अंगणात कोंबडीमागे धावत होती. फ्रॉक तिला तोकडा झाला.

भाभीनं मला पाणी दिलं. रडली नाही. विचारलं, "बाबाजीभाऊ, मालकानं तुमचा पासपोर्ट दिला, मग ह्यांचा का नाही?"

मी म्हटलं, "सिराजभायच्या हातून कामात चूक झाली, भाभी. मालक रागावला."

"ह्यांच्या हातून?" ती म्हणाली, आणि फ्रॉकची घडी घालू लागली. मी परतीच्या होडीत बसलो तेव्हा वाटलं, खाडीत उडी टाकावी. टाकली नाही. माझ्यासारखी माणसं टाकत नसतात.

सिराजभाय मार्चात आला, रोज्यांच्या महिन्यात. जिवंत! दाभोळहून निरोप आला तसा मी धावत धक्क्यावर गेलो. मध्ये काय घडलं ते मला त्यानं नंतर सांगितलं, अगदी थोडक्यात. मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो अबू दहामच्या उंटांकडे गेला, वाळवंटात चालत. एका उंटिणीच्या मानेवरची खूण कागदावर उतरवून आणली आणि छिन्नीनं पिस्तुलावर कोरली. पंधराला काम तयार होतं. पण अबू दहाम बायकापोरांना घेऊन दक्षिणेला नातेवाइकांकडे गेलेला. मग तोफा सुरू झाल्या. लोक निघाले, हा निघाला नाही. पासपोर्ट तिजोरीत. तिजोरी कापायला त्याला अर्धा तास लागला असता, पण चोरून नेलेल्या पासपोर्टावर अबू दहामच्या एका तक्रारीनं विमानतळावरच अडकला असता. म्हणून तिजोरीजवळ राहिला. इराकी आले तेव्हा पिस्तूल वाळूच्या पोत्यात पुरून, गाड्या खालून बघायच्या खड्ड्यात दोन दिवस पडून होता. वर गॅरेजचं छप्पर उडालं. त्याचा उजवा कान तेव्हापासून गेला.

अबू दहाम परतला तेव्हा हा खड्ड्याच्या काठावर बसलेला. पिस्तूल पुढे केलं. म्हाताऱ्यानं खुणेवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "खूण आमचीच आहे. हात माझ्या बापाचा नाही." आणि तिजोरी उघडून पासपोर्ट दिला. दहाम जिवंत होता, एवढं त्यानं सांगितलं.

तर मी गेलो. सिराजभाय ओटीवर बसला होता, इफरा त्याच्यापासून चार हात लांब, खांबाला धरून. तिला हा माणूस कोण ते कळत नव्हतं. बोलावलं की आईच्या मागे लपायची. मी जाऊन त्याचे पायच धरले. म्हटलं, "सिराजभाय, तू माझं पाप आपल्या डोक्यावर का घेतलंस?"

मी उजव्या बाजूला होतो. त्याला ऐकू गेलं नाही. मला उठून डाव्या बाजूला जाऊन तेच सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. अख्तरीभाभी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

"तुझ्यासाठी नाही घेतलं," सिराजभाय म्हणाला. "काम माझ्याकडे आलेलं. काम बिघडलं की नाव उस्तादाचं. बाप असाच शिकवून गेला."

मला हायसं वाटलं. खरंच सांगतो, क्षणभर इतकं बरं वाटलं! मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, बाबाजी. तू बोलशील म्हणून. तिथे बघितलं, खोलीत बघितलं, बस सुटेपर्यंत दारात उभा होतो. त्या खड्ड्यातसुद्धा मला वाटायचं, बाबाजीनं दम्मामहून अबू दहामला फोन केला असेल."

फोन! दम्मामला मी दोन दिवस होतो. लॉजच्या खालीच फोन होता. मला सुचलंच नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ते खरं नव्हतं. सुचलं होतं.

भाभी आत गेली. रोजे असूनही तिनं माझ्यासाठी चहा करून आणला, कप माझ्यापुढे ठेवला आणि इफराला कडेवर घेऊन मागच्या दारानं निघून गेली. सिराजभायनं ते बघितलं, पण हाक मारली नाही. मी तो चहा सगळा प्यायलो आणि होडीकडे निघालो.